रॉकेटची एफिशियन्सी दरवेळी वेगळी का येते? आधी भागाकाराच्या खाली काय लिहिलंय ते बघा

रविवारी सकाळी भाची लॅपटॉप घेऊन घरी आली, पाठोपाठ तिच्या ग्रुपमधली दोन मुलं. तिसऱ्या वर्षाचं मिनी प्रोजेक्ट आहे, पाण्याचं रॉकेट स्टँडवर बांधून त्याचा थ्रस्ट (रॉकेटला ढकलणारं बळ) मोजायचा आणि एफिशियन्सी काढायची. "मामा, बघ ना, एकच फाइल आहे आणि आमच्या तिघांची तीन उत्तरं आली." पहिल्याचं २५.२, दुसऱ्याचं २.५७, तिसऱ्याचं ०.२६. युनिट तिघांनीही सेकंदच लिहिलं होतं. शिवाय दुसऱ्याने पुढे जाऊन एफिशियन्सी काढली ती १०८ टक्के, आणि सरांनी त्यावर लाल पेनाने नुसतं प्रश्नचिन्ह काढून परत दिलं.

मी बडोद्यात मकरपुऱ्याला वजनकाट्यांच्या आणि लोड सेलच्या (बळ मोजणारा सेन्सर) कॅलिब्रेशनचं काम करतो, बावीस वर्षं झाली. रॉकेट हा माझा धंदा नाही पण लोड सेल आहे, म्हणून बडोद्यातली ओळखीपाळखीची मुलं हाच प्रॉब्लेम घेऊन दरवर्षी येतात, कोणी पाण्याचं रॉकेट, कोणी कंप्रेस्ड एअरचं, कोणी नेटवरून खऱ्या इंजिनाचे आकडे घेऊन नुसतं कॅल्क्युलेशन. गडबड मात्र दरवेळी त्याच जागी असते. मुलं वरचा आकडा, म्हणजे थ्रस्ट, जीव तोडून मोजतात आणि खाली कशाने भागतोय ते बघतच नाहीत. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतो.

आधी सेटअप सांगतो म्हणजे पुढचे आकडे कळतील. दोन लिटरची कोल्डड्रिंकची बाटली, तोंड खाली, बुडाच्या बाजूने क्लॅम्प करून एस टाइप लोड सेलला घट्ट बोल्ट केलेली, लोड सेल वर लोखंडी फ्रेमला. बुचाच्या जागी ९ मिलिमीटर भोकाचं नॉझल. पाणी ६६० ग्रॅम, हवा सायकलच्या पंपाने गेजवर ४ बारपर्यंत. टेस्ट आमच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, उत्तरायणाच्या आधीच उरकून घेतली कारण नंतर पतंगवाल्यांमुळे तिथे पाय ठेवायला जागा नसते.

(सेफ्टीचं आत्ताच सांगतो, हे वगळून पुढे वाचू नका. बाटली नवीन घ्या, ओरखडे असलेली नको, डोळ्याला गॉगल, आणि प्रेशर भरताना सगळे लांब. प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप हवेच्या प्रेशरला कधीच वापरू नका, तो फुटला की तुकडे उडतात. आणि घरी सॉलिड फ्युएल बनवायच्या भानगडीत अजिबात पडू नका. एफिशियन्सी शिकायला पाणी भरपूर झालं.)

९.८ चा घोळ

तीन उत्तरं बघा: २५.२, २.५७, ०.२६. प्रत्येक उत्तर पुढच्याच्या साधारण ९.८ पट आहे, आणि ९.८ हा किलोचे न्यूटन करणारा गुरुत्वाकर्षणाचा आकडा. हे दिसलं की समजून जायचं की मोजणीत काही चुकलं नाही, एकाने ९.८ ने भागलं नाही आणि एकाने दोनदा भागलं.

रॉकेटवाले ज्याला स्पेसिफिक इंपल्स म्हणतात, आयएसपी, त्याचा अर्थ असा की एकूण इंपल्स (थ्रस्ट आणि वेळेच्या ग्राफखालचा एरिया) भागिले खर्च झालेल्या प्रोपेलंटचं, म्हणजे रॉकेट जे बाहेर फेकतं त्याचं, वजन. मास नाही, वजन. न्यूटन-सेकंद भागिले न्यूटन, म्हणून उत्तर सेकंदात येतं. खाली नुसते किलो ठेवले तर उत्तर मीटर पर सेकंदात येतं आणि तो असतो इफेक्टिव्ह एक्झॉस्ट व्हेलॉसिटीचा आकडा. दोन्ही बरोबर आहेत, दोन्ही एकच गोष्ट सांगतात, मध्ये फक्त ९.८०६६५ चा गुणाकार आहे. पहिल्या मुलाचं २५.२ हे मीटर पर सेकंद होतं, त्याने सवयीने सेकंद लिहिलं.

तिसऱ्याचं जास्त फसवं आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तरी मुलांचं हेच असतं. त्यांचा लोड सेल किलोत कॅलिब्रेट केलेला, बाजारात मिळणारी वजनं लटकवून. मग ग्राफचा एरिया काढला तो १.७० आला, पण तो १.७० किलोग्रॅम-फोर्स सेकंद आहे, न्यूटन-सेकंद नाही. त्याला थेट ०.६६ ने भागलं असतं तरी २.५७ सेकंद आलं असतं कारण वर-खाली दोन्हीकडे वजनच आहे. पण याने पुस्तकातला फॉर्म्युला बघून खाली ९.८ लावला आणि वर लावलाच नाही. ०.२६.

म्हणून माझा आग्रह असतो की लोड सेलचं रीडिंग फाइलमध्ये शिरतानाच न्यूटन करा, पहिल्याच कॉलममध्ये, नंतर नाही. नंतर करू म्हणणारा नंतर विसरतो. १९९९ च्या सप्टेंबरमध्ये मंगळाजवळ मार्स क्लायमेट ऑर्बिटर गमावलं ते ह्याच जातीच्या चुकीमुळे, जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर थ्रस्टरचा इंपल्स पाउंड-फोर्स सेकंदात देत होतं आणि पुढचं सॉफ्टवेअर तो न्यूटन-सेकंद समजून घेत होतं, ४.४५ पटीचा फरक.

इथे एक बारीक मुद्दा, माझ्या धंद्यातला. आयएसपीच्या व्याख्येतला ९.८०६६५ हा ठरवलेला आकडा आहे, १९०१ मध्ये ठरलेला, तो बडोद्यात, चंद्रावर, कुठेही तोच राहतो. पण कॅलिब्रेशनला जे वजन लटकवता त्याला मात्र इथलंच गुरुत्वाकर्षण खेचतं आणि बडोद्याच्या अक्षांशाला ते साधारण ९.७९ आहे. फरक ०.२ टक्के. पाण्याच्या रॉकेटला त्याने काही बिघडत नाही, पण हे दोन जी (व्याख्येतला आणि इथल्या गुरुत्वाकर्षणाचा) वेगळे आहेत हे डोक्यात असलेलं बरं, नाहीतर चंद्रावर इंजिनाचं आयएसपी सहापट होतं का असा प्रश्न येतो. मला खरंच विचारला आहे.

१०८ टक्के कुठून आले

आता दुसऱ्या मुलाचं २.५७. याचं युनिट बरोबर, भागाकार बरोबर, पण थिअरीने जास्तीत जास्त २.३८ सेकंद येतं (कसं ते पुढे सांगतो) आणि याचं त्याच्या वर. शंभराच्या वर एफिशियन्सी आली की मुलं थिअरीवर शंका घेतात. तसं करू नका, आधी ग्राफ बघा.

मी ग्राफ मोठा करून भाचीला विचारलं, "अगं, टेस्ट सुरू व्हायच्या आधी रेघ शून्यावर आहे, मग पाणी संपल्यावर शून्यावर परत का नाही आली?" रेघ ०.६६ किलोवर जाऊन आडवी झाली होती. तिने दोन सेकंद बघितलं आणि म्हणाली, "पाणी गेलं ना!"

बरोबर. बाटली पाण्यासकट टांगलेली असताना टेअर केलं, म्हणजे तेच शून्य धरलं. पाणी निघून गेलं तसं लोड सेलवरचं ओझं कमी होत गेलं, आणि ओझं कमी होणं म्हणजे वरच्या दिशेचं बळ, जे लोड सेलला थ्रस्टसारखंच दिसतं. ४५ शतांश सेकंदात शून्यापासून ०.६६ पर्यंत चढणारी तिरपी रेघ, तिच्याखालचा त्रिकोण साधारण ०.१५ किलोग्रॅम-फोर्स सेकंद. तो खोटा थ्रस्ट आहे. १.७० मधून काढला की १.५५, आणि आयएसपी २.३४. एका झटक्यात १०८ वरून ९८ टक्के.

करायचं काय, तर आधीची रेघ आणि नंतरची रेघ सरळ रेषेने जोडायची आणि तिच्या वरचाच एरिया मोजायचा. पाणी एकसारखं निघत नाही म्हणून ती रेषा थोडी वाकडी असायला हवी, पण एवढ्या कामाला सरळ चालते. जळणाऱ्या प्रोपेलंटच्या उभ्या टेस्ट स्टँडवर सुद्धा हीच गोष्ट होते.

त्याच ग्राफच्या शेवटी एक छोटा टोकदार उंचवटा होता. पाणी संपल्यावर आत उरलेली हवा एकदम सुटते, ती. फक्त काही ग्रॅम असते पण वेग पाण्याच्या दहापटीहून जास्त, म्हणून तिचाही इंपल्स मिळतो, आमच्याकडे ०.०७ आला. आता हा धरायचा का? तुमची इच्छा, पण खाली जर फक्त पाण्याचं मास ठेवताय आणि थिअरी फक्त पाण्याची काढलीय तर वर हवेचा इंपल्स ठेवता येणार नाही. तो काढला. उरले १.४८, म्हणजे १४.५ न्यूटन-सेकंद, आयएसपी २.२४. ९४ टक्के.

थिअरीचा आकडा कसा काढला ते पण बघा

भागाकाराच्या खाली जो "थिअरॉटिकल" आकडा बसतो तोच चुकीचा असला तर वरचं सगळं मोजमाप वाया. एका ग्रुपने मागच्या वर्षी ७८ टक्के काढले होते आणि नॉझल खराब आहे असा निष्कर्ष लिहून मोकळे. नॉझलमध्ये काहीही वाईट नव्हतं.

पाण्याच्या वेगाचा सोपा हिशेब: दोन गुणिले प्रेशरचा फरक, भागिले पाण्याची घनता, आणि त्याचं वर्गमूळ. ४ बारला २८.३ मीटर पर सेकंद येतं, म्हणजे आयएसपी २.८८. मागच्या वर्षीचा तो ग्रुप इथेच थांबला. पण पाणी बाहेर जातं तशी आतली हवा पसरते आणि प्रेशर पडतं. सुरुवातीला हवा १.३४ लिटर, शेवटी २ लिटर, इतक्या पटकन पसरते की बाहेरून उष्णता यायला वेळच नाही, म्हणून प्रेशर गुणिले आकारमानाचा १.४ वा घात कायम धरायचा. ५ बार ॲब्सोल्युटचे (गेजचे ४ अधिक बाहेरच्या हवेचा १) होतात २.८५, आणि वेग २८.३ वरून १९.३ वर येतो. पूर्ण पाण्याची सरासरी काढली की २३.३ च्या आसपास, आयएसपी २.३८.

यात गेज आणि ॲब्सोल्युटचा सापळा आहे तो दोनदा वाचा. पाण्याच्या वेगाला आतल्या-बाहेरच्या प्रेशरचा फरक लागतो, म्हणजे गेजचं रीडिंग, ४. हवेच्या पसरण्याला ॲब्सोल्युट लागतं, ५. एकाच पानावर, दोन ओळींच्या अंतराने, दोन वेगळे आकडे. वेगात चुकून ५ टाकले तर ३१.६ येतं आणि रॉकेट उगाच खराब दिसतं, पसरण्यात चुकून ४ टाकले तर प्रेशर फारसं उतरलंच नाही असं वाटतं आणि शेवटचा वेग २१ च्या वर राहतो.

आता इथे मुलांनी एक चांगला प्रश्न विचारला. आयएसपी ९४ टक्के म्हणजे एनर्जी एफिशियन्सी पण ९४ का? नाही. ५ बार ॲब्सोल्युटची १.३४ लिटर हवा बाहेरच्या प्रेशरपर्यंत पूर्ण पसरली तर साधारण ३२८ ज्यूल देऊ शकते, पण पाण्याला त्यातले आदर्श परिस्थितीत १८२ च मिळतात, बाकीचे त्या शेवटच्या हवेबरोबर जातात. म्हणजे नॉझल परफेक्ट असलं तरी एनर्जीच्या हिशेबाने ५५ टक्के. रिपोर्टमध्ये नुसतं "एफिशियन्सी" लिहू नका, कशाची कशाशी ते त्याच वाक्यात लिहा, अर्धे व्हायव्हाचे प्रश्न तिथेच संपतात.

खऱ्या इंजिनाचे आकडे घेऊन करताय तर

हा भाग त्यांच्यासाठी ज्यांनी स्टँड बांधला नाही आणि नेटवरचे आकडे घेऊन बसलेत. इस्रोचं सीई-२० घेऊ, एलव्हीएम ३ च्या वरच्या टप्प्यातलं, चांद्रयान-३ याच रॉकेटने गेलं. लिक्विड हायड्रोजन आणि लिक्विड ऑक्सिजन, व्हॅक्यूममध्ये थ्रस्ट २०० किलोन्यूटन धरा आणि आयएसपी ४४२ सेकंद. गुणिले ९.८०६६५ म्हणजे ४३३५ मीटर पर सेकंद. २ लाख न्यूटन भागिले ४३३५ म्हणजे सेकंदाला ४६ किलो प्रोपेलंट. जेटची पॉवर म्हणजे थ्रस्ट गुणिले वेग, त्याचं निम्मं, साधारण ४३३ मेगावॉट. ते निम्मं विसरू नका, त्याने पण एफिशियन्सी शंभराच्या वर जाते.

आता भागायचं कशाने? ऑक्सिजन आणि हायड्रोजनचं प्रमाण साधारण ५ ला १ आहे, म्हणजे ४६ पैकी ७.७ किलो हायड्रोजन. एक किलो हायड्रोजन जळला की १२० मेगाज्यूल. ७.७ गुणिले १२०, ९२० मेगावॉट, एफिशियन्सी ४७ टक्के. बरेच जण इथे थांबतात आणि मग म्हणतात की क्रायोजेनिक इंजिन इतकं कौतुकाचं आणि निम्मी एनर्जी वाया?

पण पूर्ण जळायला एका किलो हायड्रोजनला ८ किलो ऑक्सिजन लागतो आणि इथे ५ च आहे. जितका ऑक्सिजन तितकंच जळणार. ३८.४ किलो ऑक्सिजनमध्ये ४.८ किलो हायड्रोजन जळतो, उरलेला न जळता बाहेर जातो. ४.८ गुणिले १२०, ५७६ मेगावॉट. एफिशियन्सी ७५ टक्के. इंजिन तेच, थ्रस्ट तोच, खालचा आकडा बदलला आणि ४७ चे ७५ झाले.

आणि तो न जळलेला हायड्रोजन वाया जातो असं समजू नका, तो मुद्दाम जास्त टाकलेला असतो. वाफेचा रेणू १८ चा, हायड्रोजनचा २ चा. बाहेर पडणारा गॅस जितका हलका तितका त्याच तापमानाला जास्त वेगाने सुटतो, आणि तापमान पण थोडं आवाक्यात राहतं. थोडी उष्णता सोडून वेग कमावला असा हा व्यवहार आहे, आणि मला ह्या विषयातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. म्हणून कोणी "पूर्ण ज्वलन म्हणजे जास्त आयएसपी" असं लिहिलं असेल तर ते खोडा.

दुसरी चूक म्हणजे समुद्रसपाटीचा थ्रस्ट आणि व्हॅक्यूमचं आयएसपी एकाच फॉर्म्युल्यात. स्पेस शटलचं मेन इंजिन जमिनीवर ३६६ सेकंद देतं आणि व्हॅक्यूममध्ये ४५२. फाल्कन ९ चं मर्लिन २८२ आणि ३११. मास फ्लो (सेकंदाला बाहेर जाणारं मास) तोच असतो, फरक येतो बाहेरच्या हवेचा, ती नॉझलच्या तोंडाच्या पूर्ण एरियावर उलटं दाबत असते. म्हणून ज्याचं नॉझल मोठं त्याला जमिनीवर जास्त मार. दोन्ही आकडे एकाच जागचे घ्या. बडोदं समुद्रसपाटीपासून जेमतेम ३५-४० मीटर वर आहे म्हणून आपल्याला १.०१ बार चालतं, पण इंदूरला माझा मावसभाऊ राहतो तिथली उंची साडेपाचशे मीटर, तिथे हवेचं प्रेशर ०.९५ बारच असतं. तिथली मुलं हे गाळतात आणि मग त्यांचं रॉकेट किंचित जास्त चांगलं येतं.

ज्यांच्याकडे चेंबर प्रेशरचा, म्हणजे जिथे जळतं तिथल्या प्रेशरचा, डेटा आहे त्यांनी आयएसपीवर थांबू नये. त्याचे दोन तुकडे पाडता येतात. सी-स्टार, म्हणजे चेंबर प्रेशर गुणिले थ्रोटचा (नॉझलची सगळ्यात अरुंद जागा) एरिया भागिले मास फ्लो, हे सांगतं की जळणं किती चांगलं झालं. थ्रस्ट कोएफिशियंट, म्हणजे थ्रस्ट भागिले चेंबर प्रेशर गुणिले थ्रोट एरिया, हे सांगतं की नॉझलने किती काम केलं. दोघांचा गुणाकार म्हणजे एक्झॉस्ट व्हेलॉसिटी. सी-स्टार थिअरीपेक्षा जास्त आला तर जवळजवळ नेहमी थ्रोटचा व्यास चुकीचा मोजलेला असतो किंवा मास फ्लो कमी. व्यासात १ टक्का चूक म्हणजे एरियात २, आणि गंमत अशी की ही चूक सी-स्टारमध्ये एका बाजूला जाते आणि थ्रस्ट कोएफिशियंटमध्ये बरोबर उलट्या, त्यामुळे एक शंभराच्या वर, एक खूप खाली आणि गुणाकार अगदी बरोबर असं दिसलं तर डोळे झाकून व्हर्नियर घ्या.

प्रोपल्सिव्ह एफिशियन्सी पण पुस्तकात असते, रॉकेटच्या वेगाला एक्झॉस्टच्या वेगाने भागून, त्याची दुप्पट, भागिले एक अधिक त्याचा वर्ग. स्टँडवर बांधलेल्या इंजिनाची ती शून्य येणारच, रॉकेट हलतच नाही. ती इंजिनाची चूक नाही आणि स्टँडच्या रिपोर्टमध्ये ती लिहायचीच गरज नाही. वेग बरोबर एक्झॉस्टइतका झाला की ती शंभर होते, त्यापुढे परत कमी होते, पण रॉकेट वेग घेतच राहतं.

आणि एक, जास्त आयएसपी म्हणजे जास्त एफिशियंट हे सरसकट म्हणू नका. डीप स्पेस १ यान १९९८ मध्ये गेलं, त्याच्या आयन इंजिनाचं आयएसपी ३१०० सेकंद, सीई-२० च्या सातपट. पण थ्रस्ट ९२ मिलिन्यूटन, टेबलावर ठेवलेल्या नऊ-साडेनऊ ग्रॅम वजनाइतका. २.३ किलोवॉट वीज घेऊन जेटमध्ये १.४ किलोवॉट, म्हणजे ६१ टक्के, आपल्या क्रायोजेनिकच्या ७५ पेक्षा कमीच. प्रोपेलंटच्या किलोने भागलं तर ते राजा, एनर्जीने भागलं तर नाही.

स्टँडच्या बारीक गोष्टी, ज्या मला दर वर्षी सापडतात

लोड सेलसोबत जो स्वस्तातला एचएक्स ७११ बोर्ड येतो तो बहुतेक वेळा सेकंदाला १० रीडिंग देतो. तुमची पूर्ण टेस्ट ०.४५ सेकंदाची, म्हणजे चार-पाच ठिपके. दर टेस्टला पीक वेगळा येतो, मुलं म्हणतात रॉकेट कन्सिस्टंट नाही, आणि दोष असतो बोर्डाचा. त्यावर रेटची एक पिन असते, ती हाय केली की ८० होतात, मग ३५ च्या आसपास ठिपके मिळतात आणि एरिया नीट निघतो. नॉझल न लावता बाटलीचं तोंड उघडंच ठेवलं तर पाणी ८ शतांश सेकंदात संपतं आणि सुरुवातीचा थ्रस्ट २९० न्यूटनच्या घरात, २० किलोचा सेल तिथे कामाचाच नाही, वाकेल. ९ मिलिमीटरला तोच ५१ न्यूटन राहतो. आयएसपी दोन्हीत जवळपास तेच, म्हणून बारीक नॉझलच वापरा.

हवेचा पाइप. पंपाचा जाड पाइप बाटलीला लावलेला असतो आणि तो स्वतःच थोडा भार उचलतो, स्प्रिंगसारखा. कॅलिब्रेशन पाइप न लावता केलं आणि टेस्ट लावून केली तर दोन्ही वेगळे. पाइप लावून, प्रेशर भरून, त्याच अवस्थेत वजनं लटकवून बघा. पाणी बाटलीवरच्या रेघेच्या अंदाजाने मोजू नका, बाटलीचं आधी आणि नंतर वजन करा, फरक तोच खरा.

आता आमच्या ९४ टक्क्यांचं. उरलेले ६ कुठे गेले ह्यावर तिघांचं नॉझलच्या घर्षणावर एकमत झालं होतं. असेल थोडं. पण आयएसपी नॉझलच्या व्यासावर अवलंबून नाही, थ्रस्ट आहे, त्यामुळे व्यास बाजूला ठेवला. वेग प्रेशरच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. मग मी म्हटलं तो पंप इकडे दे.

सोमवारी पंप कामावर नेला आणि त्याचा गेज डेडवेट टेस्टरवर (वजनं ठेवून अचूक प्रेशर देणारं यंत्र) लावला. काटा ४.० वर होता तेव्हा खरं प्रेशर ३.७ बार. परत खाली आणून वर नेलं, परत ३.७. संध्याकाळी भाचीला फोन केला, तिने फोनवरच हिशेब केला: ३.७ ला थिअरी २.२८ येते, आपलं मोजलेलं २.२४, म्हणजे ९८ टक्के. "मामा, म्हणजे नॉझल चांगलं आहे?" म्हटलं हो, नॉझलला हात लावू नका. पंपावर आता मार्करने लिहिलेली पट्टी चिकटवली आहे, ४.० = ३.७, आणि शनिवारी परत पाच टेस्ट घ्यायच्या आहेत, ह्यावेळी पाणी संपल्यावरची रेघ दोन सेकंद चालू ठेवून.